सतावणे व चिडवणे : नांदेड-लातूर बोलीतील शब्दप्रयोग

मराठवाड्याच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मराठीत त्रास देणे, पिच्छा पुरवणे आणि थट्टा करणे यांसाठी वापरला जाणारा अनौपचारिक शब्दसमूह. नांदेडची सीमा तेलंगणाला, तर लातूरची कर्नाटकातील बीदर जिल्ह्याला भिडते. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राजभाषा उर्दू व बाजारातली दखनी यांचा सहवास या बोलीत दिसतो.

त्रासाचे शब्द : हैराण (मूळ अरबी), बेजार व परेशान (दोन्ही फार्सी) यांना ‘करणे’ जोडतात, उदा., ‘लेकरू लई बेजार करायलंय’. सतत बोलून वैताग आणणाऱ्यासाठी ‘डोकं खाणे’, ‘दिमाग खाणे’, ‘पिरपिर लावणे’ हे प्रयोग आहेत. ‘कशाला डोकं खायलास?’ यातील ‘खायलास’ (खात आहेस) हे रूप या बोलीची ओळख आहे.

थट्टेचे शब्द : मजाक व मस्करी (दोन्ही मूळ अरबी) निरुपद्रवी असतात, ‘टिंगल’मध्ये हिणवणूक येते. ‘खोडी काढणे’ खोडकरपणा, तर ‘कुरापत काढणे’ भांडणाची तयारी सुचवते.

सामाजिक संकेत : दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी या नात्यांत थट्टा चालते, सासऱ्यासमोर सून मात्र ती टाळते. लग्नात दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून विहिणींना चिडवतात.

प्रदेशागणिक असे शब्द बदलणे सार्वत्रिक आहे : स्पॅनिशमध्ये थट्टेला स्पेनात ‘तोमार एल पेलो’, तर कोलंबियात ‘मामार गायो’ म्हणतात.