कंडेन्सर चांगला आहे, पण किती?

तर झालं असं. घोडेगावला मामांकडे गेलो होतो. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनि शिंगणापूरसाठी जिथे वळतात ना, तेच घोडेगाव (नेवासा तालुका). कांदा ऐन पोसायला लागलेला आणि बोअरची मोटर रुसलेली. सिंगल फेज सबमर्सिबल. स्टार्टर दाबला की नुसती 'घुंऽऽ' करायची आणि ट्रिप व्हायची.

कारागीर आला. त्याने पेटीतला स्टार्ट कंडेन्सर काढला, चार्ज केला आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. फट्ट! ठणठणीत ठिणगी.

"कंडेन्सर चांगलाय मामा. मोटर वर काढून भरावी लागणार."

मोटर वर काढायची म्हणजे सगळे पाईप उपसायचे, वायंडिंग करायचं, आठवडा जाणार आणि खिशाला चांगलीच कात्री. कंडेन्सरवर छापलं होतं १२०-१५० मायक्रोफॅरड. मी विचारलं, "चांगला म्हणजे किती आहे?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी ठिणगीचं वजन विचारलं :)

पण हसू नका. विजेच्या इतिहासात पहिली शंभरेक वर्षं हुशार माणसंही जवळपास हेच करत होती. १७४५ मध्ये क्लाइस्टने आणि १७४६ मध्ये लायडनच्या मुसेनब्रोकने वीज साठवणारी बरणी शोधली. किती साठली, ते कसं कळायचं? ठिणगी केवढी पडली आणि झटका किती जोरात बसला, यावरून! 'कंडेन्सर' हा शब्दही जुनाच, १७८२ च्या सुमारास व्होल्टाने वापरलेला. पुस्तकं केव्हाच 'कपॅसिटर'वर गेली, पण आमच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये अजून व्होल्टाचाच शब्द चालतो.

पहिल्यांदा नीट मोजलं ते हेन्री कॅव्हेंडिशने, १७७० च्या दशकात. त्याची युक्ती साधी होती. एक १२.१ इंच व्यासाचा गोळा घेतला आणि प्रत्येक वस्तूची तुलना त्याच्याशी केली. उत्तर यायचं इंचात! पण हा लाजाळू माणूस बहुतेक काम छापायचाच नाही. मॅक्सवेलने ते प्रसिद्ध केलं १८७९ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. कॅव्हेंडिशचा गोळा कॅव्हेंडिशच्याच घरात राहिला. दुसऱ्या कुणाला त्याच्याशी ताडून बघताच आलं नाही.

ही गोष्ट महागात पडली समुद्राखाली. पाण्यातली तारायंत्राची केबल म्हणजे एक लांबलचक कंडेन्सरच असतो. आधी तो भरायचा, मग पलीकडे सिग्नल पोचायचा. १८५८ ची पहिली अटलांटिक केबल जेमतेम तीन आठवडे चालली. सिग्नल पोचेना म्हणून व्हाइटहाउस साहेबांनी तिला सुमारे २००० व्होल्ट दिले आणि आधीच कमजोर असलेली केबल पार गेली. त्यानंतर सगळ्यांना पटलं, की सर्वांना मान्य अशी मापं पाहिजेत. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. त्याच वर्षी 'फॅरड' हे नाव सुचवलं गेलं (तेव्हा विद्युतभारासाठी), आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत ते कंडेन्सरच्या धारितेचं एकक म्हणून पक्कं झालं.

हे सगळं आपल्यापासून लांब नाही बरं का. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली. त्या काळच्या केबलची धारिता सागरी मैलाला साधारण एक तृतीयांश मायक्रोफॅरड असायची. दीड हजारांवर मैल धरले तर पाचशेच्या वर मायक्रोफॅरड. म्हणजे मामांच्या पेटीतले चार-पाच कंडेन्सर अरबी समुद्राच्या तळाशी पसरून ठेवल्यासारखं! (आणि आख्खी पृथ्वी एक गोळा धरली तर? फक्त ७१० मायक्रोफॅरड. मी तीनदा गणित करून पाहिलं.)

असो. मामांना म्हटलं, शेजारून आठवडाभर पाणी घ्या, मी मीटर करून आणतो. नुसता नवा कंडेन्सर टाकून बघता आला असता, मान्य. पण त्यावर छापलेला आकडा तरी खरा कशावरून?

मीटर अगदी सोपा आहे. कंडेन्सर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून चार्ज करायचा. पुरवठ्याच्या ६३.२ टक्के व्होल्टेज यायला लागलेला वेळ भागिले रेझिस्टन्स, की झाली धारिता. १० मायक्रोफॅरडला ०.१ सेकंद. एक आर्डुइनो, वीसेक ओळींचा कोड, रविवार दुपारपर्यंत डबा तयार.

एक टक्का अचूकतेचा १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावला. मीटर म्हणाला, १०.४. कोड दोनदा तपासला. मग रेझिस्टर मोजला तर तो निघाला १०.३८ किलोओहम. पाच टक्केवाला होता, त्याने काही गुन्हा केला नव्हता. मीच त्याच्यावरच्या रंगांच्या पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. खरा आकडा कोडमध्ये टाकला आणि डबा दहावर आला.

पण माझा मल्टिमीटर बरोबर कशावरून? त्याला कारखान्यात कशाशी तरी ताडलेलं असतं, ते उपकरण एखाद्या प्रयोगशाळेत ताडलेलं, आणि अशी साखळी चढत चढत राष्ट्रीय मापकांपर्यंत जाते. आपल्याकडे ती जपते १९५० मध्ये सुरू झालेली दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. माझ्या डब्यातला '१०' हा आकडा माझा नव्हेच, उसना आहे.

पुढच्या शनिवारी घोडेगाव. मेन स्विच बंद, कंडेन्सर आधी बल्बमधून डिस्चार्ज (ही पायरी चुकवू नका, झटका जिवावर बेतू शकतो). मग मीटरला लावला: ५८. निम्म्याहून कमी! आणि ठिणगी? ती ५८ लाही झकास पडते. नवा आणला तो १२९ दाखवत होता. बसवला आणि मोटर पहिल्या दाबाला उठली. माझा डबा फक्त ५ व्होल्टवर मोजतो, त्यामुळे भरदाब आल्यावर कंडेन्सर आतून फुटेल का, हे तो सांगू शकत नाही. पण त्या दिवशी पाईप उपसायचे वाचले.

संध्याकाळी मामांना ही सगळी साखळी समजावत होतो. ते शांतपणे म्हणाले, "यात नवीन काय? मार्केटात कांदा घालताना काट्यावर सरकारी शिक्का बघतोच की आम्ही."

खरंच की. १९५८ मध्ये मेट्रिक वजनं यायच्या आधी आपल्याकडे गावोगावी शेर आणि मण वेगळे होते, आणि त्या फरकात कोण नागवला जायचा ते सांगायला नको. कांद्याच्या काट्याला आपण शिक्का मागायला शिकलो. कंडेन्सरच्या बाबतीत मात्र अजून ठिणगीवरच समाधान मानतो.

डबा मामांकडेच ठेवून आलोय. सोबत तो एक टक्केवाला कपॅसिटरही, चिठ्ठी लावून: "आधी हा मोजा. १० दाखवला तरच पुढचं खरं माना."