आभाळाच्या शब्दांची कुळकथा

आपल्या स्मरणिकेतून कुळांचा व मूळ गावांचा इतिहास वेळोवेळी प्रसिद्ध होत आला आहे. माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते. या लेखात आम्ही आपल्या वर्धा जिल्ह्यातील रात्रीच्या आभाळाच्या काही शब्दांची कुळकथा ज्ञातिबांधवांसमोर ठेवीत आहोत.

हा जिल्हा 1862 साली निर्माण झाला; परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या या भूमीवर देवगडच्या गोंड राजांचा अंमल होता. मराठीच्या शेजारी येथे गोंडी व कोलामी या भाषा नांदत आल्या आहेत. या भाषा म्हणजे मराठीचाच रानातील अपभ्रंश होय, अशी समजूत आपल्या पुष्कळ घरांतून आढळते. ती निराधार आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी वर्ध्याकडील कोलामीचा अभ्यास करून 1955 साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ही स्वतंत्र द्राविडी भाषा आहे हे सप्रमाण दाखविले. 1961 साली त्यांनी व टी. बरो यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोशही सिद्ध केला.

आता शब्द पाहू. चांदणीला गोंडीत ‘सुक्कुम’ व कोलामीत ‘सुक्का’ म्हणतात. ऐकताच आपल्याला शुक्र आठवतो, आणि शब्द आपल्याकडूनच गेला असावा असे वाटते. परंतु तेलुगूत चांदणीला ‘चुक्क’ म्हणतात, व त्याच शब्दाचा अर्थ ठिपका किंवा थेंब असाही होतो. वरील कोशात हे सारे शब्द एकाच कुळात नोंदलेले आहेत. काळ्या आभाळावरील प्रकाशाचा ठिपका ती चांदणी, ही कल्पना किती सहज व सुंदर आहे!

चंद्राला कोलामीत ‘नेला’ व गोंडीत ‘नलेंज’ म्हणतात. तेलुगूतील ‘नेल’ व तमिळमधील ‘निला’ ही त्यांची भावंडे होत. तेलुगूप्रमाणेच कोलामीतही चंद्र आणि महिना यांना शब्द एकच. आपल्याकडेही निराळे काय आहे? ‘महिना’ हा शब्द ज्या फारसी ‘माह’वरून आला, त्याचे अर्थ चंद्र आणि महिना असे दोन्ही आहेत, आणि संस्कृत ‘मास’ शब्दाचे नातेही चंद्राशीच आहे. कुळे वेगळी, परंतु चंद्र पाहून दिवस मोजण्याची रीत एकच. आपले ‘आभाळ’ तर मुळात संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढग. म्हणूनच ढग दाटले की आपला शेतकरी आजही ‘आभाळ आलं’ असे म्हणतो.

नक्षत्रांच्या आकृतींतही हाच न्याय दिसतो. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व आंध्र प्रदेशातील सुमारे 15 गोंड गावांत फिरून तेथील आकाशज्ञान 2013 साली प्रसिद्ध केले. पुढील वर्षी बंजारा व कोलाम समाजांविषयीही लिहिले. आपल्या परंपरेत जेथे मृग व त्याला लागलेला बाण दिसतो, तेथे गोंड शेतकऱ्याला नांगर दिसतो. सप्तर्षींच्या चौकोनात त्याला खाट दिसते, व शेपटीच्या तीन ताऱ्यांत ती चोरू पाहणारे तीन चोर. खाटेची ही कथा आपल्या खेड्यांतील वृद्धांच्या तोंडीही ऐकू येते. ऋषी पोथीतून आले असतील. खाट मात्र अंगणातून आली. ती प्रथम कोणाच्या अंगणात होती, याचा अभिमानाने निवाडा करण्यापेक्षा दोन शेजाऱ्यांनी एकाच आभाळाकडे पाहिले, हे ध्यानात घेणे अधिक योग्य ठरेल.

2011 च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे साऱ्या भारतात 1,28,451 होते. भाषा मावळते तेव्हा तिच्यातील आभाळही मावळते. आपली स्थितीही फारशी निराळी नाही. विजेचे दिवे व घड्याळ आल्यापासून तिकांडे पाहून रात्र मोजणारी माणसे आपल्या घरांतून दिसेनाशी झाली आहेत. म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः तरुण मंडळींस आमची आग्रहाची विनंती आहे की, आजी-आजोबांकडून चांदण्यांची नावे विचारून घ्यावी, वहीत टिपावी, आणि शेतावर सोबतीला येणाऱ्या गोंड-कोलाम वडीलधाऱ्यांसही तितक्याच आदराने विचारावे. कुळवृत्तांतात पूर्वजांची नावे आपण जपतोच. ते पूर्वज ज्या ताऱ्यांच्या आधाराने पहाटे उठत, त्यांची नावेही त्यात असावीत.