प्रिओझेर्स्कचं विमान

१४ जून १९७०, संध्याकाळ. लेनिनग्राडहून चौघं प्रिओझेर्स्क या छोट्या गावी पोचली आहेत : सिल्वा झालमनसन, चित्रकार बोरिस पेन्सन आणि ख्नोख पतिपत्नी. मेरी ख्नोख गरोदर आहे. उरलेली बारा जणं उद्या सकाळी स्मोल्नी विमानतळावरून छोट्या अंतोनोव्ह विमानानं इथे उतरणार आहेत. बाराही तिकिटं त्यांचीच. कुणी विचारलंच, तर लग्नाला चाललोय म्हणायचं.

प्रिओझेर्स्कला वैमानिकांना बांधून खाली ठेवायचं, चौघांना आत घ्यायचं आणि विमान थेट स्वीडनला. चालवणार मार्क दिमशित्स, एकेकाळचा लष्करी वैमानिक. बायको आणि दोन मुलीही त्याच्याबरोबर आहेत. बांधलेल्या वैमानिकांना थंडी बाधू नये म्हणून स्लीपिंग बॅगांचीही तजवीज केलेली.

रात्र. स्मोल्नी विमानतळाजवळच्या झाडीत काही जण आडवे झाले आहेत. ही माणसं इथवर आली ती एका सरकारी खिडकीमुळे. सोव्हिएत ज्यूला इस्रायलला जायचं तर ‘ओव्हिर’ कार्यालयात अर्ज करायचा. सोबत तिकडच्या नातेवाइकाचं निमंत्रण, आईवडिलांची लेखी संमती आणि नोकरीच्या ठिकाणचा वर्तणुकीचा दाखला. तो दाखला मागितला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळणार, सभेत उभं करून देशद्रोही म्हणणार आणि बहुधा नोकरीही जाणार. बेकार राहिलं तर ऐतखाऊपणाचा खटला. एवढं सोसून उत्तर अनेकदा तोंडी यायचं : परवानगी नाही. नोकरी गेलेली आणि देशही सोडता येत नाही, अशा अवस्थेत घरंच्या घरं वर्षानुवर्षं लटकत राहायची. विमान पळवणं मला मान्य नाही. पण रीतसर अर्ज करणाऱ्याला असं चिरडणाऱ्या सत्तेनंच त्यांना या झाडीत आणून सोडलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपण पकडले जाऊ, हे त्यांना बरंचसं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या योसेफ मेंडेलेविचनं मागे ठेवण्यासाठी निवेदन लिहून ठेवलं होतं.

पहाटेआधी. केजीबीला सगळं आधीच कळलेलं. प्रिओझेर्स्कच्या जंगलात झोपलेल्या चौघांना पकडलं. स्मोल्नीला याची काहीच खबर नाही.

सकाळी साडेआठच्या सुमारास. बारा जणं विमानाकडे चालू लागली. सिल्वाचा नवरा एदुआर्द कुझनेत्सोव्ह त्यांच्यातच. या आधी सात वर्षं तुरुंग भोगलेला. विमानापाशी पोचताच सगळ्यांवर झडप पडली. विमान जागचं हललंही नाही.

त्याच दिवशी लेनिनग्राडमध्ये घराघरांत झडत्या सुरू झाल्या. आधी या बेतात असलेला, पण नंतर त्यातून बाहेर पडलेला हिलेल बुटमनही गजाआड गेला.

२४ डिसेंबर. खटल्याचा निकाल : दिमशित्स आणि कुझनेत्सोव्ह यांना मृत्युदंड. सिल्वाला दहा वर्षं. जगभर निदर्शनं पेटली. ३१ डिसेंबरला दोघांचा मृत्युदंड रद्द होऊन पंधरा वर्षांची सजा झाली.

१९७० साली जेमतेम हजारभर ज्यूंना देश सोडता आला होता. १९७१ मध्ये सुमारे तेरा हजारांना आला. दिमशित्स आणि कुझनेत्सोव्ह १९७९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. त्या बारांत दोघं ज्यू नव्हते : युरी फेदोरोव्ह आणि अलेक्सेई मुर्झेंको. सगळे ज्यू सुटून गेल्यावरही हे दोघं आतच राहिले. मुर्झेंको १९८४ मध्ये बाहेर आला, फेदोरोव्ह १९८५ मध्ये, पूर्ण पंधरा वर्षं भोगून.