राहदारीपासून कार्नेपर्यंत : वाहनाच्या सीमापार प्रवासाविषयी एक टिपण

अमरावतीच्या राजकमल चौकात रहदारी फार वाढली आहे, असे आपण म्हणतो तेव्हा मनात असते ती माणसांची व वाहनांची ये-जा. हा अर्थ उत्तरकालीन होय. फारसी ‘राह’ म्हणजे मार्ग. राहदार हा मार्गाचा रखवालदार, आणि राहदारी ही त्याच्या रखवालीबद्दल वाटसरूकडून घ्यावयाची पट्टी. पुढे वाट मोकळी करून देणारा परवानाही राहदारीच म्हटला जाऊ लागला. मराठी यथावकाश पट्टी विसरली, कागद विसरली. ये-जा तेवढी तिने ठेवली. स्वतःची मोटारसायकल आगगाडीत वा नावेत घालून परदेशी नेऊ पाहणाऱ्या वऱ्हाडातील माणसास हा विसरलेला कागद पुन्हा भेटतो. मात्र तो ज्या गोष्टीसाठी घ्यावा लागतो ती गोष्ट आता निराळी आहे. हा पालट कसा झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

रेल्वेपूर्व काळात अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून जबलपूरच्या वाटेने मिर्झापुरास जाई. अंतर सुमारे ५०० मैल. तेथे ओझी उतरवून ती गंगेतील नावांत भरीत आणि माल कलकत्त्याकडे जाई. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांची ओझी रवाना केली, असे गॅझेटियरकार सांगतात, तेही ऐकीव म्हणून. एवढ्या बैलांच्या वाटेवरील चाऱ्यापाण्याचा विचार मनात आला म्हणजे हा आकडा बेतानेच घ्यावासा वाटतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मिर्झापूरचा घाट. बैल घाटावर थांबे; माल तेवढा नावेत चढे. वाहणारा एक आणि वाहिले जाणारे दुसरे, हा भेद तेथे डोळ्यांना दिसत असे.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली व मिर्झापूरची वाट मागे पडली. तरी हा भेद मोडला नाही. बैलगाडी स्थानकाच्या आवाराशी थांबू लागली आणि कापूस डब्यात गेला. मूर्तिजापुरास तर डबाही थांबे : अचलपूर व यवतमाळ येथून अरुंद रुळांवरून आलेला माल रुंद रुळांवरील डब्यांत हलवावा लागे. नवीन आली ती बिल्टी. या शब्दाचा संबंध इंग्रजी ‘बिलेट’शी जोडण्यात येतो. बिल्टीचे काम मात्र राहदारीहून भिन्न आहे. राहदारी वाट मोकळी करते. बिल्टी मालावरील हक्क सांगते. कापूस मुंबईच्या वाटेवर असतो, आणि तरीही ज्याच्या हाती बिल्टी त्याचाच तो कापूस.

परदेश म्हटला तर तो वऱ्हाडास फार दूर नव्हता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडण्यात आला. पैनगंगेपलीकडील हिंगोली-नांदेडचा मुलूख निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखालीच राहिला. दोन्ही तीरांवर बोली मराठीच. पण अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. पलीकडच्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. अकबराच्या काळी एक कोटीच्या महसुलाची हद्द ज्याच्याकडे, तो करोडी. मोगल महसूलव्यवस्थेतील हा शब्द हैदराबादेत जकातीच्या नाक्यावर जाऊन बसला, आणि मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडून ‘करोडगिरी नाका’ हा प्रयोग अजूनही ऐकावयास मिळतो. कंपनी व निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहात जकातीचा दर शेकडा ५ ठरला होता. हिंगोलीस पूर्णेकडून १९१२ मध्ये लोहमार्ग आला, परंतु अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत सलग रूळ स्वातंत्र्यानंतरच पडले. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी जकातीचा प्रश्न त्या दिवशी मिटला नाही. राज्यघटनेच्या मूळ कलम ३०६ ने ‘ब’ वर्गातील राज्यांना अशा जकाती काही मुदतीपर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ते कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने गेले.

बैल आणि ओझे यांतील भेद खऱ्या अर्थाने पुसला तो मोटारीने. मोटारसायकल नाक्यावर येते तेव्हा तिच्यावर काही लादलेले असो वा नसो, तीच मौल्यवान माल ठरते. स्वार प्रवासी आहे की विक्रेता, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. सबब प्रत्येक नाक्यावर पूर्ण आयातशुल्क द्यावे, नाहीतर वाहन परत जाईल याची कोणी हमी घ्यावी, असे दोनच मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गाचे साधन म्हणजे ‘कार्ने द पासाज’. फ्रेंच ‘कार्ने’ म्हणजे छोटी वही. खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयी न्यूयॉर्क येथे १९५४ मध्ये झालेल्या करारात या पद्धतीस आंतरराष्ट्रीय आधार मिळाला; भारत त्यात सहभागी आहे. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग : एक प्रवेशाच्या वेळी नाकेदार फाडून घेतो, दुसरा निर्गमनाच्या वेळी, आणि तिसरा शिक्क्यांसह वहीतच राहतो. हमी देतो तो मोटारसंघ. तो मालकाकडून तारण घेतो. निर्गमनाचा शिक्का राहिला तर शुल्काची मागणी संघाकडे, आणि संघाकडून मालकाकडे येते.

आज अकोल्याचा मोटारसायकलस्वार प्रथम पार्सल कचेरीत जातो. पेट्रोलची टाकी रिकामी करावयाची, हँडल व दिवे गोणपाटात गुंडाळावयाचे, नोंदणीपत्राची प्रत द्यावयाची. मग बिल्टीवर ती ‘एक नग’ होते. ‘नग’ हा शब्द येथे मला फार अर्थपूर्ण वाटतो. वाहन येथेच वाहनपणास मुकते. मुंबईहून पुढे ती लाकडी खोक्यात बंद होऊन जहाजाने वा विमानाने जाते. युरोपातील समुद्रनौकांवर स्वार स्वतःच गाडी चालवीत नौकेच्या पोटात नेतो व पट्ट्यांनी बांधतो. तेथे ती नावेत असूनही बरीचशी वाहनच राहते. नेपाळची रीत वेगळी आहे. भारतीय मोटारसायकलीस तेथे कार्ने लागत नाही. दिवसांच्या हिशेबाने ‘भन्सार’ भरला की वाट मोकळी. ही जवळजवळ जुनी राहदारीच आहे.

‘कार्ने’ला मराठी प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘राहदारी-वही’ म्हणावे असा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. राहदारीचा कागद घेणाऱ्याने परत येण्याचे वचन दिलेले नसे. पैसा दिला, चौकी ओलांडली, व्यवहार संपला. कार्नेचा सगळा भार त्या वचनावर आहे. ‘परतहमी’ हा शब्द कानास थोडा खडबडीत लागतो. अद्याप त्याहून बरा मला सुचलेला नाही.