मांजराच्या मेंदूतली बुरशी

वर्धा जिल्हा गवळाऊ गाईबैलांचा. जनावरांचा डॉक्टर म्हणून इथं नोकरी करताना माझ्यापुढं बैल, गाई, शेळ्या यायच्या, मांजर क्वचितच. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, भिंतीला धडकू लागलं की लोक म्हणायचे, पिसाळलं! तो संशय रास्तच. अशा मांजराला उघड्या हातानं शिवू नये आणि चावलंच तर तडक दवाखाना गाठावा. पण मंडळी, कारण तेवढं एकच नसतं. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशीही मांजराच्या मेंदूत शिरते, आणि तिच्यावर औषध आहे.

ही बुरशी 1894 च्या सुमारास दोन ठिकाणी सापडली. इटलीत सान्फेलिचे यांना पीच फळाच्या रसात, तर जर्मनीत बुसे यांना एका बाईच्या नडगीच्या हाडात. कबुतरांच्या विष्ठेत ती राहते, हे एमन्स यांनी 1955 मध्ये दाखवलं. आपल्या शेजारच्या जबलपुरात झाडांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडातही ती मिळाली आहे. ती श्वासावाटे आत जाते. मांजराचं नाक सुजतं, शिंका थांबत नाहीत, आणि काही मांजरांत ती पुढं मेंदूपर्यंत पोचते.

ती ओळखायची जुनी युक्ती मोठी झकास. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायचं आणि त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळायचा. बुरशीभोवती चिकट कवच असतं, त्यात शाई शिरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याभोर पडद्यावर पांढरी वलयं दिसतात. (या शाईचं नाव 'इंडिया इंक', जन्म मात्र चीनचा!) अडचण अशी, की मांजराला त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि डोक्यातला दाब वाढलेला असेल तर पाणी काढणं जिवावर बेतू शकतं. नाकातल्या स्रावातच बुरशी दिसली तर पुष्कळदा हे टळतं.

खरा बदल 1960 च्या दशकात झाला. त्या कवचाचे सुटलेले अंश रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात शोधणारी चाचणी निघाली. शोध बुरशीचाच असल्यामुळे रक्त माणसाचं की मांजराचं, याला महत्त्व उरलं नाही. माणसांसाठी केलेली चाचणी मांजरालाही चालू लागली. पुढं तीच साध्या पट्टीवर आली. 2011 मध्ये अमेरिकेत या पट्टीला मान्यता मिळाली. निकाल काही मिनिटांत.

नुसत्या वरवरच्या लक्षणांवर तर माणसांतही विसंबता येत नाही. आपल्याच सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मेंदूज्वराच्या संशयित रुग्णांत मान ताठणं वगैरे खुणा पारखून पाहिल्या. एवढ्यावरून मेंदूज्वर आहे की नाही हे ठरत नाही, मणक्यातलं पाणी तपासावंच लागतं, असा त्यांचा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला तर डोकं दुखतं, हेही सांगता येत नाही.

मांजरापासून माणसाला हा रोग होत नाही. फ्लुकोनॅझोलसारखं माणसांचंच औषध मांजराला महिनोन्‌महिने द्यावं लागतं. मेंदूपर्यंत बुरशी पोचल्यावर सगळीच मांजरं वाचत नाहीत. नाकावर सूज दिसताच दवाखान्यात आणलेली वाचण्याची शक्यता पुष्कळ अधिक.