पुसलेली राणी आणि रंगाचा पुरावा

१/ अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीतील एक राणी तिच्याच घराण्याच्या चित्रांतून पुसली गेली. ती कोठे होती, हे शोधायचे तर चित्रातील रंग नीट वाचावे लागतात. पण आपल्या पडद्यावर दिसणारा रंग खरा असतो का?

२/ हुसेन निजामशहाने १५५३ ते १५६५ राज्य केले. १५६५ च्या तालिकोटच्या, म्हणजे राक्षसतागडीच्या लढाईत तो विजयी सुलतानांपैकी एक होता. त्याच्या गौरवार्थ आफताबी या कवीने फारसीत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ रचले. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत १२ चित्रे उरली आहेत.

३/ हुसेननंतर लहान मुर्तझाच्या नावे कारभार पाहिला तो खुंझा हुमायूनने. चांदबीबीची ही आई. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केले. काव्यात तिची स्तुती आहे. चित्रांत मात्र राजाशेजारची तिची आकृती बहुतेक ठिकाणी बिघडवलेली वा रंगाखाली झाकलेली आहे. अभ्यासक याचा संबंध तिच्या पतनाशी जोडतात.

४/ म्हणजे येथे डाग हाच पुरावा. मूळ रंग आणि त्यावरचा थर यांत फरक असतो तो छटेचा. पिवळ्या दिव्याखाली काढलेले छायाचित्र किंवा हौसेने लावलेला फिल्टर तो फरक पुसतो. कधी नसलेला डाग निर्माणही करतो.

५/ पहिली शिस्त कॅमेऱ्याची. चित्राबरोबर त्याच प्रकाशात २४ चौकटींचा रंगतक्ता टिपतात. हा तक्ता १९७६ पासून प्रचारात आहे. प्रत्येक चौकटीचे मूल्य ठाऊक असल्याने छायाचित्रातील चूक मोजून दुरुस्त करता येते.

६/ दुसरी मॉनिटरची. एकच फाईल दोन पडद्यांवर निळसर आणि तांबूस दिसू शकते. म्हणून पडद्यावर मापक ठेवून त्याची उजळता आणि पांढरा रंग ठरावीक मूल्यावर आणतात. पांढऱ्यासाठी बहुधा ६५०० केल्व्हिन. उरलेला फरक ‘प्रोफाइल’ या छोट्या फाईलमध्ये नोंदवतात. सर्व यंत्रांना ही प्रोफाइल समजावी यासाठी १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापला.

७/ तिसरी प्रिंटरची. पडदा रंग प्रकाशातून घडवतो, प्रिंटर शाईतून. पडद्यावरचे काही झळाळते रंग शाईला साधतच नाहीत. शिवाय कागद बदलला की रंग बदलतो. म्हणून प्रत्येक कागदासाठी नमुना छापून, मोजून, वेगळी प्रोफाइल करावी लागते.

८/ तरीही सोने हरवतेच. दख्खनी चित्रांतला सोन्याचा मुलामा प्रकाशाच्या कोनानुसार चमकतो. पडद्यावर वा कागदावर उरतो तो केवळ पिवळा-तपकिरी रंग. उत्तम अंशशोधनही ती चमक परत आणत नाही.

९/ ऐतिहासिक चित्र पाहताना एवढे विचारा: कोणत्या प्रकाशात टिपले? रंगतक्ता होता का? फिल्टर लावला का? उत्तर मिळत नसेल, तर केवळ छटेवरून निष्कर्ष काढू नका. खुंझा हुमायूनला एकदा कोणी रंगाने झाकले. निष्काळजी छायाचित्राने आपण तिला पुन्हा झाकू नये.