सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण सत्ता : निरवांगी परिसराच्या संदर्भात

१२ मे १८७५ रोजी सुपे (आजचा बारामती तालुका) येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले. कर्जरोखे ताब्यात घेऊन नष्ट करणे हा त्यांचा प्रमुख हेतू होता. हे लोण इंदापूर तालुक्यातही पोहोचले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकारावर अंकुश आणला. पर्यायी कर्जाची सोय मात्र झाली नाही.

पुढे नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात ऊस वाढला व भांडवलाची गरजही वाढली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत सहकाराचा वाटा सुमारे तीन टक्केच आढळला. साखर कारखानदारीच्या विस्ताराने चित्र पालटले : कर्ज विकास सोसायटीमार्फत मिळे आणि वसुली ऊसबिलातून होई.

याच सोसायट्यांचे प्रतिनिधी जिल्हा बँकेचे संचालक निवडतात. त्यामुळे कर्जाची वाट व मताची वाट एकच झाली. १९९१ मध्ये अजित पवार या बँकेचे अध्यक्ष झाले, ही घटना याच प्रक्रियेची निदर्शक होय.

सारांश, सहकाराने सावकारी पाश सैल केला. परंतु ज्याच्याकडे ऊस नाही वा सभासदत्व नाही, तो कर्ज व सत्ता या दोहोंच्या परिघाबाहेर राहिला. म्हणून निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावाचा आर्थिक इतिहास लिहिताना सोसायटीची सभासद-नोंदवही हे मूलभूत साधन मानले पाहिजे.